गच्चीवरची मादी झाडं

गच्चीवर तुळशीमागे दादानं गांजाची झाडं लावलीत. रोज सकाळी तो भिंगातून तुऱ्यांवरचे चिकाचे थेंब बघतो. पांढरट थेंब तांबूस झाले की कापणी. पराग पडून बी धरू नये म्हणून नर रोपं त्यानं आधीच उपटली. मग माद्या नुसती वाट बघत चिकानं भरत जातात. वाट बघण्याचीच नशा होते, असं मला वाटून गेलं.

"बी धरलं की झाड वाया," दादा म्हणाला.

चहा आणणारी वहिनी थबकली. लग्नाला बारा वर्षं झाली, मूल नाही. "म्हणजे बी न धरलेलीच चांगली?"

भिंग न काढता दादा म्हणाला, "मी झाडांबद्दल बोलतोय."

मी हसलो. वहिनी खालून कात्री घेऊन आली आणि आमच्यादेखत तिनं सगळे तुरे कापले. थेंब अजून पांढरेच होते.