एका कॉम्प्युटरात दोघं

कॉम्प्युटर चालू केला की हल्ली काळ्या स्क्रीनवर दोन सिस्टिमची नावं येतात, हवी ती निवडून उघडायची. विंडोज माझं, आणि बायकोने शेजारी बसवलेलं लिनक्स तिचं. काल तिने तिकडे ठेवलेले सहलीचे फोटो मी इकडे शोधत बसलो.

"अहो, तिकडून तुमचं सगळं दिसतं," ती म्हणाली. "इकडून तिकडचं नाही दिसत."

एकाच डब्यात राहून हे असं कसं, मला काही उमगेना. मग वाटलं, माझा हरवलेला चष्मा, माझा बिघडलेला मूड, हिला न सांगता सापडतो. हिचं मला काय सापडतं?

गॅलरीत कपडे वाळत घालताना ती गुणगुणत होती.

"हे कुठलं गाणं?" मी विचारलं.

"रोजचंच आहे," ती म्हणाली.