धार कोण काढतं?

रिठदच्या समाजमंदिरात नेहा स्लाइड दाखवत होती आणि माझं बूड खुर्चीला टेकत नव्हतं. येताना रामभाऊंची म्हैस दूध प्यायला आलेल्या आपल्या वगारीला लाथ मारताना दिसली होती. विचारलं तर रामभाऊ म्हणाले, "काही नाही साहेब, नवी व्याली, नखरे करून राह्यली." मी इथला गुरांचा डॉक्टर, मला कासदाहाची शंका. म्हणजे कासेला सूज. उशीर झाला की सड कायमचा जातो, त्यातून दूधच येत नाही. त्यांच्या घरी दूध देणारी तेवढी एकच.

पण नेहाची परीक्षा होती. एमव्हीएससीची मुलगी, विषय विस्तार शिक्षण. म्हणजे पुस्तकातलं ज्ञान लोकांच्या गोठ्यापर्यंत पोचवायचं. मी परीक्षक, आणि परीक्षकानं मध्ये बोलायचं नाही, असा नियम. बसलो चडफडत.

पोरीच्या भाषणाचा विषय कासदाहच. बोलली छान. पुढे सगळे पुरुष, माना डोलवतायत. बाया मागे, दाराशी. मग ती म्हणाली, "पहिली धार जमिनीवर सोडतात, ही अंधश्रद्धा आहे. बंद करा."

रामभाऊंची बायको, शोभाताई, ताडकन उठल्या. "कायले बंद करू? माह्या सासूनं शिकवलं मले. तू रोज धार काढतं काय वं?"

आणि तरातरा घरी निघाल्या. झालं! मला वाटलं, आता पोरगी रडते. पण तिनं लॅपटॉप तसाच सोडला आणि मागे पळाली. मीही.

गोठ्यात धारेची वेळ झालीच होती. नेहा म्हणाली, "काकू, चुकलं माझं. तुम्ही कशी काढता, दाखवा ना."

शोभाताई घुश्शातच बसल्या. पहिली धार सोडणार, तेवढ्यात नेहानं आपली काळी फाइल खाली धरली. काळ्यावर पांढऱ्या गुठळ्या लख्ख दिसल्या. हाच कासदाह. मातीत पडल्या असत्या तर दिसल्या नसत्या.

"धार सोडा काकू, पण आधी अशी बघून घ्या."

"अवं माय! चार दिवस झाले, तो सड नीट धरू नाही देत."

"मग सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला. "परवाच आलो होतो मी!"

"तुमी आले, ह्यायच्यासंग चहा घेतला, गेले. मले कोनं इचारलं?"

पाच दिवस इंजेक्शनं दिली. तीन सड वाचले, एक गेला तो गेलाच. नेहाला मार्क चांगले दिले.

मग ऑफिसात रामभाऊंच्या घराचा जुना पाहणीचा फॉर्म काढला. 'दूध कोण काढतं?' समोर माझ्याच अक्षरात रामभाऊंचं नाव. रामभाऊंना धार काढताच येत नाही.