ज्या गोष्टीत होळी येत नाही

मैत्रिणींनो, आज साखरशेतच्या शाळेत चौथीच्या मुलांसाठी गोष्टींची पुस्तकं निवडायला गेले होते. मुलांना आपल्या जगण्यातलं काही वाचायला मिळावं, म्हणून एक पुस्तक मी मुद्दाम नेलं होतं. त्यात भातकापणी झाल्यावर आईबाप वीटभट्टीवर जातात, मुलगी आजीजवळ राहते आणि निरोपाशी गोष्ट संपते. मला ती फार खरी वाटली होती.

त्याच वर्गातल्या सुमनचे आईबापही दिवाळीनंतर भिवंडीकडे भट्टीवर गेलेत. गोष्ट वाचून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, पुढची पानं फाटली का?"

"नाही गं, इथेच संपते."

"अशी कशी? होळीला तं सगळी येतात ना!"

शेजारची मैत्रीण म्हणाली, "लिहिणाराच्या गावात होळीच नाय वाटतं!"

वर्ग हसला. सुमनही हसली, पण पुस्तक तिने माझ्या पिशवीत परत ठेवलं.

इकडे कितीही लांब गेलेलं माणूस होळीला घरी येतं. मी मात्र निरोपालाच खरं मानलं आणि परत येण्याला खोटा गोड शेवट समजून बाजूला ठेवलं.

आईबाप परत येतात अशी एखादी साधी, खरी गोष्ट तुमच्या वाचनात आहे का? होळीच्या आधी सुमनला द्यायची आहे.