जावक क्रमांक चौदाशे अठरा

साक्षांकन कक्षात त्यांना सगळे शिक्केकाका म्हणत. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसून त्यांनी लोकांच्या जन्माच्या, लग्नाच्या, शिक्षणाच्या दाखल्यांवर सरकारी शिक्के मारले होते. परदेशी जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जायचा. शिक्का मारायचा, सही करायची, जावक वहीत नोंद करून नंबर टाकायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की बायको म्हणायची, "अहो, एखाद्या दिवशी भाजीच्या पिशवीलासुद्धा नंबर द्याल तुम्ही!"

माणूस तसा महाभित्रा. साहेबांनी नुसता घसा खाकरला तरी यांच्या हातातलं पेन गळायचं. अकरा महिन्यांपूर्वी सरकार उलथलं, ऑफिसात सैनिक आले आणि जुने शिक्के हातोडीनं फोडायला लागले. तेव्हा याच माणसानं त्यातला एक शिक्का जेवणाच्या डब्यात घालून घरी नेला, हे कोणाला सांगूनही पटलं नसतं. का नेला, ते त्यांनाही धड सांगता आलं नसतं. एवढ्या वर्षांची सोबत फुटताना बघवेना, इतकंच. तेव्हापासून तो शिलाई मशीनच्या खणात होता आणि दारावर थाप पडली की काका आधी त्या खणाकडे बघायचे.

नव्या सरकारला शेजारच्या देशांपैकी एकानंही मान्यता दिली नाही. वर निर्बंध लादले. ज्यांना धडा शिकवायचा होता ते आपले मजेत राहिले. काकांच्या इमारतीची लिफ्ट तेवढी सुट्या भागांवाचून बंद पडली, आणि मोठ्या इस्पितळातलं हृदयाच्या ऑपरेशनचं मशीनही.

काकांच्या दीड वर्षाच्या नातीच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं. रडली की तिचे ओठ निळे पडत. डॉक्टर म्हणाले, फार तर महिनाभर थांबता येईल. पुलापलीकडच्या देशातलं इस्पितळ तिला घ्यायला तयार होतं. पण त्या देशाच्या लेखी अजून जुनंच सरकार खरं. काकांची मुलगी, म्हणजे बाळाची आई, नव्या शिक्क्याचा जन्मदाखला घेऊन गेली, तर तिकडच्या कारकुनानं तिला पुलावरूनच परत पाठवलं. "हे सरकार आम्ही मानतच नाही, बाई. हा शिक्का आमच्यासाठी नुसता शाईचा डाग."

शेवटी काकांनी जीव मुठीत धरून ठरवलं. दाखल्याच्या दोन प्रती करायच्या. एकीवर नवा शिक्का, आपल्या बाजूच्या चौकीला दाखवायला. दुसरीवर जुना शिक्का आणि गेल्या वर्षीची तारीख. ती बाळाच्या झबल्याच्या अस्तरात शिवून न्यायची. सरकारी जांभळी शाई ऑफिसाबाहेर मिळत नव्हती. म्हणून शिक्का पुन्हा डब्यातून ऑफिसात आला, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर काकांनी दोन्ही प्रती उरकल्या. संध्याकाळी शिक्का परत मशीनच्या खणात गेला. पलीकडे पोचल्यावर मुलीनं आईला फोन करून फक्त "ताप उतरला" म्हणायचं, असं ठरलं. फोन कोण ऐकत असेल, याचा नेम नव्हता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला चौकीवरून ऑफिसात फोन आला. पूल ओलांडणाऱ्या प्रत्येकाचा जावक नंबर चौकीवाले असा पडताळून घेत. साहेब नव्या सरकारनं बसवलेले, काकांच्या मुलीच्या वयाचे.

"काका, वही आणा. चौदाशे सतरा... हो, नोंद आहे. सोडा त्यांना." साहेबांनी फोन ठेवला. काकांनी श्वास सोडला. पण साहेबांचं बोट वहीवरून हललं नाही.

"चौदाशे अठरा. नाव तेच. एका बाळाला दोन दाखले?"

काकांनी वाकून पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं, नेहमीसारखं वळणदार. चोरून मारलेल्या शिक्क्याचीसुद्धा त्यांच्या हातानं सवयीनं नोंद करून टाकली होती.

"दुसरा कुठाय?" साहेबांचा हात परत फोनकडे गेला.

पूल ओलांडायला अर्धा तास लागायचा. मुलगी नुकती कुठे पुलावर पाऊल ठेवत असेल. आणखी एक फोन गेला, की तिला तिथेच अडवणार, झबलं उसवणार.

"घरी आहे, साहेब," काका बोलून गेले. "शाई पसरली, म्हणून बाजूला ठेवला होता."

"सरकारी कागद घरी?"

"चुकलंच माझं. चला ना, आत्ता दाखवतो. जवळच आहे."

साहेबांनी दोन सैनिक बरोबर घेतले. काकांनी बाजारामागचा लांबचा रस्ता धरला. पाय असे लटपटत होते, की हळू चालायचं सोंग करावं लागलं नाही. पाच मजले चढताना ते प्रत्येक वळणावर कठडा धरून थांबले.

"लिफ्ट बंद आहे, साहेब. सुटे भाग येत नाहीत."

"माहितीये," साहेब धापा टाकत म्हणाले. "चला लवकर."

दार बायकोनं उघडलं. सैनिक पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला. काकांना एकच गोष्ट विचारायची होती, पण साहेबांसमोर विचारता येत नव्हती. तिनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "अहो, आत्ताच पोरीचा फोन येऊन गेला. बाळाचा ताप उतरला म्हणे."

काकांनी भिंतीला हात टेकला. भीती गेली नव्हती. उलट आता ती सगळी त्यांच्या एकट्याच्या वाट्याला आली होती, आणि जन्मात कधी वाटली नव्हती इतकी वाटत होती.

"कागद काढा," साहेब म्हणाले.

"कागद नाही, साहेब." काकांनी शिलाई मशीनचा खण ओढला. "शिक्का आहे. जमा करून घ्या, आणि आवक वहीत तेवढी नोंद करा."