डायरीबाहेरचा सर्पगरुड

सर्पगरुडाचा अभ्यास करायचा म्हणजे दिवसभर झाडाकडे बघत बसायचं आणि संध्याकाळी डायरीत एक ओळ लिहायची. 'नर आला, साप दिला, गेला.' बस्स. दिवसाचे उरलेले दहा तास कुठे लिहिणार? ते मग असे साठत जातात, आणि चार माणसं भेटली की तोंडातून सुटतात.

साल चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचं असेल. अभ्यास खरा सुधा कांबळेचा. घाटकोपरची मुलगी, एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तिने सर्पगरुड निवडला होता. मी मुलुंडला रंगाच्या कारखान्यात लॅबमध्ये होतो. पक्ष्यांचा नाद, म्हणून रविवारी तिच्याबरोबर मुलुंडच्या मागचे डोंगर चढायचो. तिसरे सावंतकाका. ते आम्हाला जंगलातच सापडले.

*

दिवाळीपासून आम्ही घरटं शोधत होतो. सर्पगरुड उंच घिरट्या घालत शिट्टी मारतो. ती शिट्टी दरीत अशी घुमते की चारही बाजूंनी चार गरुड ओरडतायत असं वाटतं. आम्ही आवाजामागे धावायचो आणि काटे काढत घरी यायचो.

जानेवारीत एकदा पायवाटेवर एक गृहस्थ बसलेले दिसले. लेंगा, शर्ट, डोक्याला टॉवेल. आमची धावपळ बघून म्हणाले, "काय हरवला?"

सुधा म्हणाली, "गरुड शोधतोय. शिट्टी ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"नाय. गिरणीत सव्वीस वर्षां मागावर होतंय. कान थंयच ऱ्हवले." मग समोरच्या उंच झाडाकडे बोट दाखवून म्हणाले, "ती मादी काय? ती रोज थंय हिरवो पालो घेवन जाता."

सुधाने दुर्बीण लावली. फांदीच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं, त्यात पिवळ्या चेहऱ्याची मादी. दोन महिने आम्ही त्याच झाडाखाली डबा खात होतो!

"तुम्हाला एवढ्या लांबून दिसलं कसं?"

"हजार धाग्यांत तुटलेलो एक दिसायचो. येवढां मोठां पाखरू दिसाचां नाय?"

गिरणी बंद पडल्यापासून सावंतकाका नाहूरच्या घरातून सकाळी निघायचे आणि नुसते चालायचे. त्या दिवसापासून ते आमच्याकडे ड्युटीवर रुजू झाले. ऐन कामाच्या दिवशीसुद्धा!

*

नर साप घेऊन येतो तेव्हा साप केवढा, हे लिहावं लागतं. तो निम्मा गिळलेला, निम्मा चोचीबाहेर लोंबणारा. मी म्हणायचो तीन फूट, काका म्हणायचे सहा. सुधा वैतागली. "नजर तयार करायला पाहिजे," म्हणाली.

म्हणून एका संध्याकाळी आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरून काका सायकलच्या ट्यूबचे कापलेले तुकडे दोरीला बांधून खाली सोडत होते आणि आम्ही अंगणातून अंदाज लिहीत होतो. तिसरा तुकडा चौथ्या मजल्यावरच्या पाटीलकाकूंच्या खिडकीसमोर डुलला. काकूंनी किंकाळी फोडली, लाटण्याने तो बडवला आणि जिन्यात येऊन मटकन बसल्या.

सगळी बिल्डिंग गोळा झाली. मी माफी मागत होतो. सुधा वही घेऊन काकूंजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "काकू, साधारण केवढा वाटला हो?"

"साडेचार फूट," काकू कापत म्हणाल्या.

टेप लावली. बरोब्बर साडेचार. सुधा पुढचा आठवडाभर काकूंना जंगलात यायला विनवत होती.

*

मार्चमध्ये पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. सुधा दरीच्या पलीकडच्या कातळावर बसायची, मी आणि काका अलीकडे. ओरडून चालायचं नाही. पण काकांना ओठ वाचता यायचे. मागांच्या खडखडाटात कोणाला काही ऐकू जायचं नाही, तिथे सगळे तसंच बोलत. काका दुर्बिणीतून सुधाकडे बघायचे आणि मला सांगायचे, "नर इलो. धामण. चार फूट." झकास सिस्टिम.

एकदा सुधा पलीकडे बराच वेळ एकटीच बडबडत होती. काकांनी दुर्बीण खाली केली.

"काय म्हणतेय?" मी विचारलं.

"पक्ष्याबद्दल नाय."

"मग?"

"तुझ्याबद्दल."

"अहो, मग सांगा ना काय ते."

काकांनी तंबाखू मळायला घेतली. "ता डायरीत लिवण्यासारखा नाय."

मी ते सुधाला सांगितलं. पुढच्या रविवारी ती नाकापर्यंत रुमाल बांधून कातळावर बसली. वनरक्षकाने तिला शिकारी समजून तासभर उलटतपासणी घेतली.

*

एप्रिलमध्ये मात्र आमची वाट लागली. नर तीन दिवस आलाच नाही. मादी पिल्लावर पंख पसरून उन्हात बसून. पिल्लू तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी कारखान्यातून रजा टाकून तिथेच होतो.

चौथ्या दिवशी काका कागदाचं पुडकं घेऊन आले. ओले बोंबील. वर्सोव्याला जाऊन आणलेले.

"काका, ती साप खाते," सुधा म्हणाली.

"बोंबील सापासारखोच दिसता गो."

"आपण बघायला आलोय. हात घालायचा नाही, हे ठरलंय."

"आणि ता मेला तर?"

सुधा म्हणाली, "तर तसं लिहायचं." पण तिचे डोळे भरलेले होते. काका झाडाखाली पुडकं घेऊन बसले. ती त्यांच्यासमोर उभी, राखण करत. अकराच्या सुमारास वरून सावली गेली. नर. चोचीतून विरोळा, पाण्यातला साप, लोंबतोय.

सुधा तिथेच खाली बसून रडली. बोंबील सावंतकाकूंनी नाहूरला तळले. भूक अशी होती की काकूंच्या वाट्याला एकही उरला नाही.

*

आणि सुधाची तोंडी परीक्षा. बाहेरून आलेले परीक्षक कडक. शेवटच्या पानावर त्यांचं बोट अडलं. पिल्लाच्या पहिल्या उड्डाणाची नोंद. त्या दिवशी सुधा तापाने घरी होती, मी कामावर. नोंदीखाली लिहिलं होतं: निरीक्षक, द. सावंत.

"हे कोण? कुठल्या कॉलेजचे?"

"गिरणीत होते, सर."

"मग ही नोंद काढावी लागेल. ती काढली तर हा शेवटचा भाग उरत नाही."

मागच्या बाकावर माझ्याशेजारी तक्त्यांची गुंडाळी सांभाळत काका बसले होते. परीक्षकांचे ओठ वाचून ते उठून पुढे आले. परीक्षक म्हणाले, "तुम्हीच का? सांगा, काय पाहिलंत?"

काकांनी कोपऱ्यातलं लाकडी स्टूल ओढलं आणि त्यावर चढले. हात अर्धवट पसरले. कडेपर्यंत सरकले. खाली बघितलं. मागे सरकले. मान वळवून पाठ खाजवली. परत कडेला. गुडघे वाकवले, पंख फडफडवले, परत मागे. मान तिरकी करून त्यांनी परीक्षकांकडे एकटक बघितलं.

पाच मिनिटं झाली. पंखा फिरत होता. कोणी हसेना.

"पुढे?" परीक्षक म्हणाले.

"अकरा दिस असांच उभां होतां, सायबानू."

आणि परत कडेला. परत खाली नजर. परत मागे.

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं, चष्मा काढला आणि खुर्चीतून अर्धवट उठून म्हणाले,

"अहो, उडा ना आता."