बांगडीवालीच्या तळहातावरची गाठ

वरठीच्या बाजारातली ती बांगडीवाली माहेरची खुशाली विचारता विचारता हात असा दाबायची, की बांगडी कधी चढली ते कळायचंच नाही. आमच्या जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास तिच्या तळहातावर लालसर गाठ उगवली आणि बाया तिला टाळू लागल्या. मीही हात मागे ओढला. आता मी आजी आहे, पण तेव्हा स्वतःला डॉक्टरहून शहाणी समजत होते.

"कायले घाबरता, बाई? डाक्टरनं तुकडा काढून तपासला. घामाच्या ग्रंथीची गाठ हाये, क्वचित कोनाले होते. कॅन्सर नाही, कोनाले लागतही नाही."

तिनं माझा हात धरलाच. भीतीनं मला इतका घाम फुटला, की डझनभर बांगड्या साबणाशिवाय सरकल्या.

"पाहा, साबन वाचला माहा!" ती बाजारभर ऐकू जाईल अशी हसली. मागे थबकलेल्या बायाही हसल्या, आणि त्यांचे हात पुढे आले.