फटींचे वैरी

देवानं सृष्टी घाईघाईत उरकली, तिच्यात जागोजाग फटी राहून गेल्या, आणि चूक लक्षात आल्यावर त्यानं आमच्या यजमानांच्या मामांना कल्याणात जन्माला घातलं, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फट दिसली की मामांचा जीव कासावीस होई. समोर बसून बोलणाऱ्या माणसाचे दोन दात पडलेले असले, तर मामांना त्याच्या बोलण्यात लक्ष घालता येत नसे.

मामा लागले होते खाडीच्या बंदरावर कारकून म्हणून, पण लाकडी नावांची डागडुजी चाले तिकडं एकदा गेले आणि तिथलेच झाले. दोन फळ्यांच्या सांध्यात कापसाची पिळलेली वात बोथट पटाशीनं ठोकून बसवायची, वरून तेलात कढवलेली राळ ओतायची, म्हणजे नाव पाण्याला दाद देत नाही. ही विद्या मामांनी कारागिरांच्या मांडीला मांडी लावून, हातात ठोकायची मोगरी घेऊन कमावली. कारकुनानं मोगरी धरली म्हणून नातेवाईकांनी नाकं मुरडली. मामा म्हणाले, "वात सैल बसली तर पाणी शिरतं, फार घट्ट बसली तर फुगलेल्या फळ्या एकमेकींना ढकलतात. तुमच्या कचेरीत आहे का एवढं अवघड काही?"

नोकरी संपली. मामी आधीच गेल्या होत्या. तेव्हा एक वळकटी आणि राळेचं मडकं घेऊन मामा आमच्याकडे राहायला आले. बंदर सुटलं, फटी काही सुटेनात. त्यांनी तांदळाच्या कोठ्या बुजवल्या, खिडक्या बुजवल्या, मुंग्यांची भोकं बुजवली. लोणच्याच्या बरणीचं झाकण तर असं बसवलं की ते निघेपर्यंत पुढच्या वर्षीच्या कैऱ्या बाजारात आल्या. एकदा देव्हाऱ्याच्या दारांवर हात चालवला आणि सासूबाईंना चार दिवस बंद दारापुढं नैवेद्य दाखवावा लागला. मामा शांतपणे म्हणाले, "देव आतच आहेत. कुठं जात नाहीत आता."

मी तेव्हा चौदा वर्षांची नवी सून. ठाण्याहून आगगाडीत बसून सासरी आले होते, त्यामुळे जगात मला कळत नाही असं काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती. माझं एक गुपितही होतं. आमच्या ओटीवर पोस्टातले एक गृहस्थ महिन्यातून एकदा येत आणि मासिकात क्रमशः येणारी गोष्ट पुरुषमंडळींना वाचून दाखवत. बायकांना तिथं बसायची सोय नव्हती. पण ओटी आणि माजघर यांच्यामधली भिंत फळ्यांची होती, आणि कोपऱ्यातल्या दोन फळ्यांमध्ये एक सुरेख फट होती. तिला गाल लावून मी सात महिने गोष्ट ऐकली. कपटी दिवाणानं राजकन्येला तळघरात कोंडलेलं. तिच्या काळजीनं मी दोनदा आमटी करपवली. हे कुणालाही ठाऊक नाही असं मी समजत होते, आणि त्याच वेळी गालावर फळीचा उभा वळ घेऊन घरभर मिरवत होते.

गोष्ट संपायची होती त्या दिवशी सकाळी मामा मोगरी घेऊन नेमके त्याच भिंतीशी बसले. दाराकडून सुरुवात करून एकेक सांधा भरत कोपऱ्याकडे सरकू लागले. राजकन्या जगली की मेली, हे मला या जन्मी कळणार नव्हतं. आणि मामांना सांगणार कसं? सुनेनं सासऱ्यांच्या वयाच्या माणसाशी थेट बोलायचं नाही, ही रीत. अडलंच तर मुलाला, नाहीतर मांजराला सांगायचं. ज्यांनी ऐकायचं ते ऐकतात.

मी आमच्या मनीला मांडीवर घेतलं. "अगं मने, कोपऱ्यातली फट राहू द्यावी म्हणावं. वारा येतो तिथनं."

मोगरी चालूच. तीस वर्षं कानाशी ठोके घेऊन मामांना ढोलही पिपाणीएवढा ऐकू येत असे.

"अगं मने!" मी किंचाळले. "फट राहू दे!"

मनी चुलीकडे पळाली. आतून सासूबाई ओरडल्या, "मेलीला फट कशाला हवी? दारातनं जा म्हणावं!"

मामा थांबले. माझ्या गालाकडे पाहिलं, मग चुलीकडे तोंड करून म्हणाले, "मने, त्या बाजूनं वारा येत नाही. गोष्ट येते."

भुई दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण दुभंगली असती तर मामांनी तीही बुजवली असती.

"ऐक मने," मामा म्हणाले, "नावेच्या तळाला आम्ही एक भोक मुद्दाम ठेवतो. नाव काठावर ओढली की आतलं पाणी तिथनं जातं. ते बुजवायचं नसतं. त्याला बूच करायचं."

त्यांनी लाकडाची एक चपटी खुंटी तासली, तिच्यावर कापूस गुंडाळला आणि फटीत बसवली. ओढली की निघे, दाबली की फट होती हे सांगूनही कुणाला पटलं नसतं. दुपारी मी बूच ओढलं. राजकन्या सुटली. मी तोंडात पदर कोंबून रडले.

संध्याकाळी मामा माजघराच्या उंबऱ्याशी येऊन बसले. "मने, राजकन्येचं काय झालं गं?"

मी चकितच झाले. मामा तर दर वेळी ओटीवर सगळ्यांच्या पुढं बसत, नेमक्या जागी मान डोलावत!

"बाकीचे डोलावतात तेव्हा मी डोलावतो," ते मनीला म्हणाले. "सात महिन्यांत मला एवढंच समजलंय, कुणीतरी कोंडलेलं आहे."

मग मी मनीच्या कानात सगळी गोष्ट ओरडून सांगितली. पुढं चार वर्षं दर महिन्याला हेच. सासूबाई म्हणत, "मांजराला नादावलंय या पोरीनं," आणि नेमक्या त्याच वेळी तांदूळ निवडायला आमच्याजवळ येऊन बसत.

एका थंडीत मनी गेली. त्याच आठवड्यात ओटीवर नवं मासिक वाचलं गेलं. संध्याकाळी मामा उंबऱ्याशी आले, बसले. मी समोर भाजी चिरत होते. कुणाशी बोलावं ते दोघांनाही सुचेना. शेवटी मामांनी घसा खाकरला आणि आयुष्यात पहिल्यांदा थेट मलाच म्हणाले,

"सूनबाई, पुढं काय झालं?"

गोष्ट तोंडपाठ होती, पण माझा आवाजच फुटेना. मामांना वाटलं, आपल्यालाच ऐकू येत नाही. कानामागे हात धरून ते आणखी थोडे पुढं सरकले.